पान अकरावरचा चंद्र

मुलांच्या विभागातलं पुस्तक कुठे फाटलंय, यावरून ते कसं वाचलं गेलं हे ग्रंथपालाला कळतं. भुतांची पुस्तकं पानांच्या कोपऱ्यांना फाटतात, कारण ती भराभर उलटली जातात. ग्रह-ताऱ्यांची पुस्तकं मधोमध, शिलाईपाशी सुटतात. शनीचं मोठं चित्र बहुतेक वेळा मधल्या जोडपानावर असतं आणि चार-पाच मुलं पुस्तक जमिनीवर पसरून, दोन्ही हातांनी दाबून ते बघतात. सूर्याचं पान मात्र नवंकोरं राहतं. सूर्य सगळ्यांनी पाहिलेला असतो.

महाडमधल्या एका वाचनालयात मी ग्रंथपाल होते. ग्रंथपालाला दिवसभर वाचायला मिळतं अशी लोकांची समजूत असते. मला दिवसभर शिवायला, चिकटवायला आणि पुस्तकं परत करा म्हणून चिठ्ठ्या पाठवायला मिळालं. वाचायला मिळालं ते एसटीत, कारण माझ्याकडे पेट्यांचं काम होतं.

पेटी म्हणजे साधी पत्र्याची ट्रंक. आत चाळीस पुस्तकं, झाकणाला आतून चिकटवलेली यादी आणि नियम, शिवाय देवघेवीची एक वही. महाड आणि पोलादपूर तालुक्यांत ज्या शाळांकडे स्वतःची पुस्तकं नाहीत, तिथे ही पेटी महिनाभर राहायची आणि मग पुढच्या शाळेत जायची. कधी एसटीतून, कधी दुधाच्या टेम्पोतून. एकदा वरंधला जाणाऱ्या वऱ्हाडाच्या गाडीत चढवली, तर ती आहेर समजून थेट नवरीच्या सासरी पोचली. चार दिवसांनी सासरेबुवांचा फोन आला. त्यांनी तीन पुस्तकं वाचून काढली होती. बाकीची महिनाभर ठेवली तर चालेल का, असं ते विचारत होते.

पेटी क्रमांक सात अवकाशाची होती. वाचनालयाच्या समितीला आणखी बोधकथा हव्या होत्या. बोधकथांच्या पाच पेट्या आधीच फिरत होत्या. "दोन तालुक्यांना एवढा बोध पुरेसा आहे," असं मी बैठकीत म्हटलं. अध्यक्ष निवृत्त वकील होते. त्यांनी ते वाक्य इतिवृत्तात घेऊ नका म्हणून सांगितलं आणि मंजुरी दिली.

मुलांना अवकाशाचं पुस्तक देताना पहिली अडचण कागदाची येते. सूर्य आणि पृथ्वी एकाच पानावर बसवायची म्हटल्यावर चित्रकार पृथ्वी लिंबाएवढी आणि सूर्य कलिंगडाएवढा काढतो. मुलांना ते खरं वाटतं. म्हणून मी पिशवीत एक फुटबॉल आणि कागदाच्या पुडीत मोहरी घेऊन जायचे. फुटबॉल हा सूर्य असेल तर मोहरीचा एक दाणा म्हणजे आपली पृथ्वी, आणि ती ठेवायची पटांगणाच्या पार दुसऱ्या टोकाला. दाणा हमखास हरवायचा. "बाई, पृथ्वी हरवली!" अशी बोंब व्हायची आणि पंधरा-वीस मुलं गुडघ्यांवर बसून ती शोधायला लागायची. मी पुडीतून दुसरी काढून द्यायचे.

मोठ्या माणसांच्या अडचणी वेगळ्या होत्या. एकदा एक आई पुस्तक परत करायला आली. मुलगा दोन दिवस जेवत नव्हता, कारण सूर्य एक दिवस विझणार असं त्यात लिहिलं होतं.

"खरं आहे का हे?" तिने विचारलं.

"खरं आहे."

"कधी?"

"पाचशे कोटी वर्षांनी."

तिने जरा विचार केला. "मग असू दे. पण तोवर दुसरं काहीतरी द्या." मी तिला माकडाची गोष्ट दिली.

आता मुद्द्याचं सांगते. उमरठच्या पुढे डोंगराच्या कुशीत एक वाडी आहे. तिथल्या चौथीपर्यंतच्या शाळेत पेटी सात पोचली ती डिसेंबरात. पेटी नुसती पाठवली तर ती कपाटावर बसते आणि तिच्यावर खडूचे खोके ठेवले जातात, हे अनुभवाने माहीत होतं. म्हणून पहिल्या दिवशी मी स्वतः जायचे, थोडं वाचून दाखवायचे. शाळेतले कदम सर लातूरकडचे. कोकणात येऊन त्यांना दोनच वर्षं झाली होती. माणूस मनाने चांगला, पण छापलेल्या अक्षराला फार मानणारा. त्या बाबतीत आमचं दोघांचं जमायचं.

मी पेटीतलं सगळ्यांत देखणं पुस्तक काढलं. मोठ्या आकाराचं, गुळगुळीत कागदाचं. वाचत वाचत पान अकरावर आले. चंद्राचं पान. त्यावर लिहिलं होतं, "दिवसा सूर्य दिसतो आणि रात्री चंद्र. दिवसा चंद्र दिसत नाही." मी ते मोठ्याने वाचलं.

मागच्या ओळीतून एक मुलगी उठली. तिचं नाव मयुरी. चौथीत होती. वरच्या आवाडातून, म्हणजे डोंगरावरच्या वस्तीतून, रोज अर्धा तास उतरून शाळेत यायची.

"बाई, चंद्र सकाळचा पन दिसतो."

मुलं हसली.

"नाही बाळा," मी म्हटलं. "रात्री दिसतो."

"मी आता येताना बगितला. त्या समोरच्या डोंगरावर हाय."

"ढगाचा तुकडा असेल."

"ढग नाय हाय, बाई. चंद्रच हाय."

"हे बघ, पुस्तकात काय लिहिलंय?" मी पुस्तक तिच्याकडे वळवलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. "वाच."

तिने वाचलं. अडखळत, पण पूर्ण वाचलं. मग खाली बसली. वर्ग पुन्हा हसला आणि मी पान उलटलं.

वर्गाचं दार माझ्यापासून तीन पावलांवर होतं. तीन पावलं टाकून मान वर केली असती तर झालं असतं. मला परतीची एसटी गाठायची होती हे खरं, पण एसटी त्या दिवशी तासभर उशिरा आली आणि तो तास मी उमरठच्या थांब्यावर उघड्या आभाळाखाली बसून काढला. तिथेही मी वर बघितलं नाही. पुस्तक वाचत होते.

महिन्याने पेटी परत आली. मी वही उघडली. पहिल्या चार दिवसांत सव्वीस पुस्तकं मुलांनी घरी नेली होती. पाचव्या दिवसापासून एकही नाही. पानं कोरी. माझ्या नोकरीत पेट्या भिजून आल्या, वाळवी लागून आल्या, एकीत उंदराची पिल्लंसुद्धा आली. पण मुलांनी मध्येच टाकून दिलेली ही पहिलीच. मी सरांना फोन लावला.

"मॅडम, पोरं घेईनात," सर म्हणाले. "पुस्तकात खोटं असतंय म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"मयुरी. आणि मग सगळीच. झालं असं, तुम्ही गेल्यावर मी त्या पुस्तकावर एक चाचणी घेतली. चूक की बरोबर. त्यात एक प्रश्न होता, चंद्र फक्त रात्री दिसतो. तिनं चूक लिहिलं. मी तिचं उत्तर चूक दिलं."

"बरोबर केलंत."

"नाही ना मॅडम. तिनं मला हाताला धरून बाहेर नेलं आणि चंद्र दाखवला."

"दिवसा?" मी विचारलं.

"साडेदहा वाजता."

"मग तुम्ही काय केलंत?"

"अर्धा मार्क दिला."

"अर्धा का?"

"पुस्तकाचाही मान राखायला पाहिजे ना, मॅडम."

मला वाटलं, सर तरुण आहेत, मुलीने काहीतरी दाखवलं आणि ते भुलले. तरीही मन स्वस्थ बसेना. आमच्याकडे रोज सकाळी वर्तमानपत्र वाचायला इब्राहिमचाचा यायचे. उमेदीची वर्षं आखातात ट्रेलर चालवून ते महाडला परतले होते. डोळे अधू झाल्यामुळे मुलांच्या विभागातली मोठ्या अक्षरांची पुस्तकं घरी न्यायचे, त्यातही अवकाशाची जास्त. मी त्यांना हळूच विचारलं, "चाचा, चंद्र दिवसा दिसतो का हो?"

त्यांनी चष्मा काढला. "कांबळेबाई, तुम्ही थट्टा करता का?"

"नाही."

"अहो, आमचे सगळे महिने चांदावर चालतात. आज वीस चांद. उद्या सकाळी नऊला पश्चिमेला बघा. चांगला वरती असेल. आणि पुनवेच्या आधी बघायचा असेल तर दुपारी, पूर्वेला." त्यांनी चष्मा परत लावला. "महिन्यातले किती दिवस तरी दिसतो. तो काय लपून बसतो?"

मी दर पौर्णिमेला विहारात जाते. लहानपणापासून. पौर्णिमा कधी हे मला कॅलेंडरावरून कळायचं.

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना मी चवदार तळ्याच्या काठाला थांबले. रोजचाच रस्ता होता. तिथे आभाळ मोकळं आहे. पश्चिमेला घरांच्या वर चंद्र होता. फिकट, खालच्या अंगाने झिजलेला, पण शंका घ्यायला जागा नाही असा. शेजारून एक माणूस औद्योगिक वसाहतीच्या बसकडे धावत चालला होता. मी त्याला थांबवून विचारलं, "तो चंद्रच आहे ना?" त्याने वर बघितलं, "हो," म्हणाला आणि पुन्हा धावायला लागला. त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. मला मात्र पन्नाशी उलटल्यावर ही बातमी कळत होती.

त्या दिवशी वाचनालयात बसून मी तसं बरंच काम केलं, पण डोळ्यांसमोर ती मुलगी होती. ओळीवर माझं बोट, आणि ती अडखळत वाचतेय. तिने डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट मी तिच्याच तोंडून तिला खोटी म्हणायला लावली होती. मारलं असतं तर एवढं लागलं नसतं. आणि दुसरी गोष्ट अशी की ही पेटी मी हट्टाने केली होती. मुलांनी आभाळाकडे बघावं म्हणून.

शनिवारी मी पेटी सात घेऊन पुन्हा वाडीवर गेले. कदम सर दारात आले. "मॅडम, या महिन्यात आमचा नंबर नव्हता."

"माहीत आहे."

वर्गात मुलं बसली होती. मी मयुरीला पुढे बोलावलं. ती आली, पण नजर जमिनीवर. आणखी काही वाचायला लावणार असं तिला वाटलं असावं. मी वाटेत चांगली चार वाक्यं ठरवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही.

"मयुरी," मी म्हटलं, "तू बरोबर होतीस. मी चुकले. मी बाहेर जाऊन बघायला हवं होतं."

तिने वर बघितलं.

"आनि पुस्तक?"

"पुस्तकही चुकलंय."

"ज्यानं लिवलं त्याला म्हाईत नवतं?"

"नसेल."

"कुनाला इचारायचं तरी," ती म्हणाली.

मग बराच विचार करून तिने विचारलं, "आता काय करायचं त्याचं?"

झाकणावरचा पहिलाच नियम होता: पुस्तकावर काहीही लिहू नये. तो मीच टाइप केला होता. पण आमच्या धंद्यात शुद्धिपत्रक नावाची एक गोष्ट असते. पुस्तक छापून झाल्यावर चूक सापडली की प्रकाशक छोट्या चिठ्ठीवर दुरुस्ती छापतो आणि पुस्तकात चिकटवतो. ते लिहिणं धरलं जात नाही. मी कोऱ्या कागदाची पट्टी कापली आणि मयुरीसमोर ठेवली. तिने जीभ बाहेर काढून, सावकाश लिहिलं: "चंद्र सकाळी पण दिसतो. मी स्वता बघितला आहे. मयुरी, इयत्ता चौथी." सर 'स्वता'कडे बोट नेत होते. मी मानेनेच नको म्हटलं. त्या मुलीची आणखी एक चूक काढायची माझी तयारी नव्हती. पट्टी पान अकराच्या तळाशी डिंकाने चिकटवली. त्या महिन्यात पेटीतली चाळीसही पुस्तकं घरोघर फिरली.

पुढच्या शाळांना ती पट्टी दिसली आणि मग मला पट्ट्या आवरेनात. मी एकच अट घातली: स्वतः बघितलं असेल तेच लिहायचं. वरंधच्या एका मुलाने लिहिलं की चांदण्यांना पाच टोकं नसतात, त्याने मोजली आहेत, एकही नसतं. औद्योगिक वसाहतीजवळच्या शाळेतून पट्टी आली: "आमच्याकडे कंपनीच्या उजेडामुळे एवढे तारे दिसत नाहीत. चित्रात कमी करावे." एकाने अट मोडली आणि मंगळावर माणसं राहतात असं मामाच्या हवाल्याने लिहिलं. खाली दुसऱ्या अक्षरात पट्टी होती: "त्याचा मामा नेहमी असं सांगतो." ती मी ठेवली. एकाने तर पट्टीवर फक्त "मला गुरू दिसला" एवढंच लिहिलं होतं. त्यात दुरुस्ती कसली, हे मला कळलं नाही. तीही ठेवली.

वर्षअखेरीला पुस्तकांची पडताळणी असते. अध्यक्षांनी ते पुस्तक हातात घेतलं. ते मिटत नव्हतं.

"कांबळेबाई, हे काय आहे?"

"शुद्धिपत्रकं."

"प्रकाशकाची?"

"वाचकांची."

त्यांनी सगळ्या पट्ट्या वाचल्या. मामाच्या पट्टीपाशी त्यांच्या मिशा जरा हलल्या, एवढं मी बघितलं. पण शेवटी ते वकील. "आज एका पुस्तकावर, उद्या सगळ्यांवर. पट्ट्या काढा, नाहीतर पुस्तक बाद करा."

पट्ट्या काढल्या तर कागद सोलला जाणार होता. तसं मी सांगितलं. पुस्तकावर 'बाद' असा शिक्का बसला. तो मलाच मारावा लागला. मी त्याच पुस्तकाची नवी प्रत मागवली, आणि त्याआधी प्रकाशकांना पत्र लिहून पान अकराची चूक कळवली. "आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे," असं उत्तर आलं. नवी आवृत्ती आली तेव्हा ते वाक्य पान अकरावर नव्हतं. पान बारावर होतं.

बाद झालेली पुस्तकं खालच्या कपाटात ठेवायची पद्धत होती. ते पुस्तक घरी न्यावं असं मनात अनेकदा आलं. पण बाद झालं तरी ते वाचनालयाचं, आणि मी नियमाने वागणारी बाई. मग एका पावसाळ्यात शहरात पुराचं पाणी शिरलं. वाचनालयातल्या आम्ही तिघांनी मिळेल ते माळ्यावर चढवलं. आधी दाखल रजिस्टरं, मग दुर्मीळ पुस्तकं, मग कादंबऱ्या. खालच्या कपाटाचा नंबर शेवटी होता. तिथपर्यंत आम्ही पोचलो नाही. पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं तर आत एकसंध चिखल होता. फावड्याने काढावा लागला. माझ्या हातून जे राहून गेलं त्यात हे एक आहे, आणि त्याला नियमाची सबब मी आता देत नाही.

निवृत्त झाल्यावर मागच्या वर्षी महाडच्या स्टँडवर एका तरुण मुलीने मला हाक मारली. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. "बाई, मी मयुरी. वाडीवरची." वसाहतीतल्या औषधाच्या कारखान्यात तपासणी विभागात होती. आम्ही बाकावर बसलो. मी त्या पुस्तकाचं काय झालं ते तिला सांगितलं, आणि पट्टी वाचवता आली नाही याबद्दल वाईट वाटतं म्हटलं.

"कसली पट्टी?"

"चंद्राची. तू लिहिलेली."

ती आठवायला लागली. "नाय आठवत, बाई."

"चंद्र सकाळी दिसतो म्हणून माझ्याशी भांडली होतीस."

"ते असेल. पण तुम्ही परत आला होता ते आठवतं. सगळ्यांसमोर 'मी चुकले' म्हणाला होता." ती हसली. "मी घरी जाऊन आईला सांगितलं. महाडच्या बाई आल्या आनि माझी चूक नाय, त्यांची चूक, असं बोलल्या. आईने मला धपाटा घातला. म्हणाली, खोटं नको बोलूस गो, बाई कशाला असं बोलतील?"

"मग?"

"मग काय? अजून तिला खोटंच वाटतं. कधी विषय निघाला तर हसते."

तिची बस आली आणि ती गेली. मी बाकावर बसून राहिले. पुढच्या आठवड्यात मी पोलादपूरहून उमरठची एसटी धरली आणि वाडीवर गेले. वरच्या आवाडापर्यंतची चढण आता मला झेपत नाही, चार ठिकाणी बसावं लागलं. मयुरीची आई अंगणात नाचणी पाखडत होती. मी कोण ते सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं आणि पदराने हात पुसले.

"मयुरी बरी हाय ना?"

"बरी आहे. तिचं काही नाही. एक सांगायचं राहिलं होतं म्हणून आले. ती चौथीत असताना मी शाळेत आले होते. तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं की मी चुकले आणि मयुरी बरोबर आहे. तिने तुम्हाला येऊन सांगितलं ते खरं होतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग खाली रस्त्याकडे बघितलं, जिथून मी चढून आले होते.

"एवढंच सांगायला आलात?"

"हो."

तिने सुपातली नाचणी उगाच हाताने सारखी केली.

"मी तिला मारला होता त्यासाठी," ती म्हणाली. मग उठली आणि आत जाता जाता म्हणाली, "बसा. तिला फोन लावते. तुमच्यासमोरच बोलते."